महिला सभेतलं मागणं गावाच्या आराखड्यात कसं उतरवायचं

मी ग्रामपंचायत सदस्य झाले त्या पहिल्याच हिवाळ्यात महिला सभेचं रजिस्टर सहीसाठी माझ्या घरी आलं. शिपाईदादाने ते ओट्यावर उघडलं आणि बोट ठेवून म्हणाला, "मावशी, इथं." सभा झालीच नव्हती, पण वर पन्नास-साठ सह्या आणि अंगठे उमटलेले. त्यात माझ्या जावेचाही अंगठा होता. जाऊ तेव्हा महिनाभरापासून गुजरातेत, बारडोलीकडे उसाच्या तोडीवर होती.

मी सही केली नाही. सदस्यपणाची पाच वर्षं आणि त्यानंतर गावोगावच्या बचत गटांबरोबर फिरण्यात गेलेली वर्षं, एवढ्या काळात मी एकच काम शिकले. भिलाटीतल्या (भिलांच्या वस्तीतल्या), बौद्धवाड्यातल्या, पावरा आदिवासींच्या पाड्यावरच्या बाईचं मागणं कागदावर कसं आणायचं आणि कागदावरून पैशापर्यंत कसं पोचवायचं. मी धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यातली, भिल समाजाची, शाळा सातवीपर्यंत. साक्री-शहाद्याकडच्या बायका फोन करून विचारतात, म्हणून सगळं एका जागी लिहिते आहे.

दिवस आधी धरा

गावाचा विकास आराखडा साधारण 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून आकार घेतो आणि हिवाळ्यात पक्का होतो. आपल्याकडे तेव्हा काय चाललेलं असतं ते आठवा. दसरा झाला की मुकादमाची गाडी लागते. उचल घेतलेली जोडपी लेकराबाळांसह गुजरातेत, नाहीतर पश्चिम महाराष्ट्रात निघतात. उरलेल्या बायका कापूस वेचणीला. म्हणजे ज्या घरांना आराखड्याची सगळ्यात जास्त गरज, त्यांच्याच दाराला कुलूप असताना आराखडा ठरतो. माझ्या जावेचा अंगठा त्याच दिवसांतला.

म्हणून आमची खरी सभा आम्ही आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सुमारास घेतो. तोडीवरची माणसं परतलेली असतात, लेकी माहेरी आलेल्या असतात, झाडांना झोके बांधलेले असतात. 1 मेची ग्रामसभा त्याच दिवसांत येते. ग्रामपंचायत कायद्यात वर्षाला निदान चार ग्रामसभा घ्यायला सांगितल्या आहेत आणि ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभाही. तेव्हा महिला सभा मागायला कोणाची मेहरबानी लागत नाही. एप्रिलच्या मध्यातच ग्रामसेवकांना लेखी पत्र द्या (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे) आणि पोच घ्या. आखाजीला ठरलेली यादी 2 ऑक्टोबरला पुन्हा मांडायची. पोळ्यानंतर, माणसं निघायच्या आधी, एक तासभराची बैठक घेऊन ती ताजी करायची.

वेळ रात्री आठची ठेवा. बाजाराचा दिवस टाळा. दुपारी दोनची सभा ठेवली तर मजुरीला जाणारी बाई येणारच नाही आणि मग लिहिलं जातं, "महिलांचा प्रतिसाद नाही."

बसायचं कुठे

पंचायतीच्या कार्यालयात नाही. तिथे खुर्च्या कोणाच्या आणि जमीन कोणाची हे ठरलेलं असतं, बाई आत शिरताना चप्पल काढते आणि आवाजही बाहेर ठेवते. भिलाटीत बसा, वाड्यात बसा, पाड्यावर जा. तीन वस्त्या असतील तर तीन बैठका. कायद्याची एक मोठी सभा होईलच, पण तिच्या आधी या छोट्या बैठका झाल्या नाहीत तर मोठ्या सभेत दोघी-तिघीच बोलतात, आणि त्या बहुतेक गावठाणातल्या असतात. त्या वाईट नसतात. पण त्यांच्या घरापुढे डांबर आहे, नळ आहे, आणि भिलाटीत पावसाळ्यात काय होतं ते त्यांनी पाहिलेलं नसतं.

बोलवायला दवंडीवर भरवसा ठेवू नका. आदल्या दिवशी दारोदार जा. विधवा बाई, नवऱ्याने टाकलेली बाई, जिच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे ती, आणि जी तोडीवर जाते ती, या चार घरी दोनदा जा. त्यांना सभेला येणं जमलं नाही तर त्यांचं म्हणणं घरीच लिहून घ्या आणि रजिस्टरला जोडा. भाषा त्यांची असू द्या. पावरी बोलणाऱ्या बाईला प्रमाण मराठीत विचारलं तर ती "हो" म्हणते आणि गप्प होते.

काय विचारायचं

"तुमच्या समस्या सांगा" असं विचारलं की सगळ्या घरकुल म्हणतात. घरकुल हवंच, पण त्याची यादी वेगळ्या वाटेने लागते. मला नीट प्रश्न मिळाले ते धुळ्याच्या एका प्रशिक्षणात. तिथल्या ताईंनी अमेरिकेतल्या काळ्या बायकांचं सांगितलं. 1994 च्या जूनमध्ये शिकागोत बारा काळ्या बायका एकत्र बसल्या. त्यांच्या देशात तेव्हा आरोग्याच्या नव्या धोरणाची चर्चा चालू होती आणि बायकांच्या हक्काचं बोलणं बरंचसं गर्भपाताच्या हक्कापाशी थांबत होतं. या बायकांच्या समाजाने मात्र जबरदस्तीच्या नसबंद्याही सोसल्या होत्या. त्यांनी मागणं रुंद केलं. मूल होऊ देण्याचा हक्क, न होऊ देण्याचा हक्क, आणि झालेलं मूल सुरक्षित जागी वाढवण्याचा हक्क.

ते ऐकताना मला आमच्या ऊसतोडीच्या बायका दिसत होत्या. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण विधिमंडळात गाजलं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. एवढ्या बायकांच्या अंगावर बेतेपर्यंत कोणत्या गावाच्या आराखड्यात "तोडीवर जाणाऱ्या बाईची तब्येत" अशी ओळ होती? तेव्हापासून मी प्रत्येक बैठकीत तीन प्रश्न विचारते. बाळंतपण नीट व्हायला या वस्तीत काय आडवं येतं? नको असलेलं बाळंतपण टाळायला, पाळीच्या नाहीतर अंगावरच्या दुखण्याला दाखवायला काय आडवं येतं? आणि लेकरू वाढवायला काय आडवं येतं? तिसऱ्या प्रश्नात पाणी, रस्ता, दिवा, दारू, रेशन सगळं आपोआप येतं.

दुसऱ्या प्रश्नाला थोडं थांबा. उत्तर लगेच येत नाही. पुरुष कोपऱ्यात उभे असतील तर त्यांना हात जोडून जायला सांगा.

चिंचोके वेगळे मोजा

मागण्या वीस-पंचवीस निघतात. त्यातल्या पाच पुढे न्यायच्या असतात. हात वर करून मतं घेऊ नका, कारण पहिला हात कोणाचा वर जातो ते बघून बाकीचे जातात. आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर कोळशाने चित्रं काढतो. हातपंप, नाल्यावरची फरशी (ओलांडायचा ठेंगणा पूल), दवाखाना, दिव्याचा खांब, अंगणवाडी, सातबारा. प्रत्येक बाईच्या ओंजळीत पाच चिंचोके. हवं त्या चित्रावर ठेवायचे, पाचही एकावर ठेवले तरी चालतील.

पहिल्या वर्षी सत्तरीची एक आजी उठली, चित्रांच्या भोवती सावकाश एक फेरी मारली आणि पाचही चिंचोके फरशीच्या चित्रावर ठेवले. मग खाली बसून ते एकेक सरळ रांगेत लावले. मी विचारलं, आजी, हातपंप नको? ती म्हणाली, "पानी उतरनं नही, पोऱ्या थांबना नही." तिची सून नाल्याच्या अलीकडच्या काठावर, खाटेवर, पावसात बाळंत झाली होती. पलीकडे गाडी उभी होती. त्यानंतर किती चिंचोके फरशीवर पडले ते मोजताना माझी ओंजळ भरली.

पुढे मात्र माझी चूक झाली. तीन वस्त्यांचे चिंचोके मी एकत्र केले. गावठाणातल्या बायका जास्त, त्यांचे चिंचोके सभामंडपावर. एकूण बेरजेत सभामंडप पहिला आला आणि फरशी चौथी. वर्ष वाया गेलं.

तेव्हापासून भिलाटीला चिंचोके, बौद्धवाड्याला तुरीचे दाणे, गावठाणाला हरभरे. मोजणी वेगळी, कागदावर रकाने वेगळे. ठराव करताना प्रत्येक वस्तीची पहिली मागणी यादीत येणारच, मग बाकीचा क्रम बेरजेने, असं आम्ही आधीच सगळ्यांसमोर ठरवून घेतो. या सगळ्या सांगण्यातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. आकडा तालुक्याचा असो की गावाचा, एकत्र केला की लहान वस्ती त्यात दिसेनाशी होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 54 बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. त्या 54 मध्ये माझ्या भिलाटीच्या किती, हे त्या आकड्यातून कळत नाही. ते आशाताईच्या आणि नर्सबाईंच्या वहीत असतं. नावं मागू नका, ती बायकांची खाजगी गोष्ट आहे. फक्त वस्तीवार संख्या मागा. गरोदर किती, त्यातल्या 11 च्या खाली रक्त (हिमोग्लोबिन) असलेल्या किती, 7 च्या खाली किती, सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी किती जणींची झाली. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल पुष्कळ घरांत आहे आणि 1 जुलै 2023 पासून देशपातळीवर त्याची मोहीम चालू आहे. तपासणी शिबिर आपल्या पाड्यावर मागता येतं.

मागणं लिहायचं कसं

"दवाखान्याची सोय व्हावी" असं लिहिलेला कागद कोणीही फाईलला लावून ठेवतो. मागण्यात जागा, आकडा आणि नियम हवा. आमचा एक ठराव असा होता: "भिलाटी व पावरापाडा मिळून लोकसंख्या अमुक, सहा वर्षांखालील मुलं अमुक, सध्याची अंगणवाडी नाल्यापलीकडे, जून ते सप्टेंबर मुलं पोचत नाहीत. आदिवासी भागासाठीच्या निकषाप्रमाणे पाड्यावर मिनी अंगणवाडी मंजूर व्हावी." अमुकच्या जागी खरे आकडे. ते आम्ही दोन रात्री घरोघर फिरून मोजले होते.

निकष माहीत असले की बोलायला बळ येतं. आदिवासी भागात 300 ते 800 लोकवस्तीला एक अंगणवाडी, 150 ते 300 ला मिनी अंगणवाडी. आरोग्य उपकेंद्र मैदानी भागात 5,000 लोकांमागे, आदिवासी आणि डोंगरी भागात 3,000 मागे. प्राथमिक आरोग्य केंद्र मैदानात 30,000 ला, आपल्याकडे 20,000 ला. आणि जे आधीच मंजूर आहे ते नीट चालतं का, हेही मागण्यातच घाला. डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर बाईला शेवटचे तीन महिने आणि बाळंतिणीला पहिले सहा महिने रोज एक वेळचं पूर्ण, गरम जेवण मिळायचं आहे. 2015 पासूनची योजना. तुमच्या अंगणवाडीत ते शिजतं का? बाई तिथे बसून जेवते, की डबा घरी जातो आणि सगळ्यांत वाटला जातो? हे बघायला कागद लागत नाही, जेवणाच्या वेळी जाऊन बसायचं.

पैसा कुठून येणार

इथे बहुतेक बायका हात टेकतात. ग्रामसेवक म्हणतात "निधी नाही" आणि आपण उठतो. निधी एक नसतो, म्हणून कोणता निधी नाही, ते विचारा.

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर आणि 15 टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. रक्कम लहान असते, पण दिव्याचे खांब, अंगणवाडीची दुरुस्ती यातून होते. वित्त आयोगाचा पैसा मोठा. पंधराव्या आयोगात 2021 ते 2026 साठी त्यातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. म्हणून पाण्याची मागणी सभामंडपाच्या रांगेत उभी करू नका, तिचं खातं वेगळं आहे. नवीन आयोगाची विभागणी ग्रामसभेत वाचून दाखवायला सांगा. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचा लहानसा मोकळा निधी असतो. अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायला गाडीचं भाडं त्यातून देता येतं का, ते आशाताईला विचारा.

गाव पेसात (आदिवासी भागातल्या ग्रामसभेला जादा अधिकार देणाऱ्या कायद्यात) असेल तर आणखी एक दार उघडतं. शिरपूर-साक्रीचा काही भाग, चोपडा-यावल-रावेरचा काही भाग आणि नंदुरबार जिल्ह्याचा मोठा भाग पेसात येतो. आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के निधी 2015 पासून अशा ग्रामपंचायतींना थेट येतो, आणि तो कशावर खर्चायचा ते ग्रामसभा ठरवते. पेसात पाड्याला स्वतःची वेगळी ग्रामसभाही मागता येते. पाडा गावापासून लांब असेल तर ती जरूर मागा.

आमच्या फरशीला यातला कोणताच पैसा पुरला नसता. ते काम ठक्कर बाप्पा आदिवासी वस्ती सुधारणा योजनेत बसलं. ठरावाची प्रत, वस्तीची लोकसंख्या, नाल्याचा पुरातला फोटो आणि आजीचं म्हणणं जोडून आम्ही प्रस्ताव धुळ्याच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात दिला. अशीच कार्यालयं नंदुरबार, तळोदा आणि यावलला आहेत. बौद्धवाड्याच्या कामाला जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडची वस्ती विकासाची योजना आहे, तिचा प्रस्ताव पंचायत समितीतून जातो.

नावावर जमीन

ही मागणी आराखड्यात बसत नाही, तरी महिला सभेत घ्याच. वनहक्क कायदा 2006 सांगतो की पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने द्यायचा. आमच्या पाड्यावर पट्टे तपासले तेव्हा काही कागदांवर बाईच्या नावाची जागा कोरी निघाली. नवरा वारला की मग दीर म्हणतो, जमीन आमची. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना सरसकट लागू नाही, त्यामुळे आदिवासी बाईला "कायद्याने मिळेलच" म्हणून निर्धास्त राहता येत नाही. पट्ट्यावर नाव असणं हाच तिचा आधार. वनहक्क समितीत एक तृतीयांश तरी बायका हव्यात, हेही त्याच सभेत तपासा. बाकी बायकांनी सातबाऱ्यावर नाव लावून घ्यायला तलाठ्याकडे लक्ष्मी मुक्ती योजनेचा अर्ज विचारावा.

दारूचं थोडक्यात सांगते. शहाद्याच्या पट्ट्यात 1970 नंतरच्या वर्षांत भिल बायकांनी दारूच्या मडक्या फोडल्या, ते माझ्या आईच्या पिढीने पाहिलं. आज परवान्याचं दुकान असेल तर बायकांच्या मतदानाने ते बंद करायची वाट आहे. एक चतुर्थांश महिला मतदारांनी अर्ज करायचा आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करायच्या बाजूने, पडायला हवीत. न आलेली बाई म्हणजे उभ्या बाटलीला मत, असं समजून घरोघर जा. हातभट्टीला हा मार्ग लागू नाही, तिथे पोलिसांकडे लेखी तक्रार आणि पोच.

ग्रामसभेच्या दिवशी

गणपूर्ती लागते ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली जी संख्या कमी असेल ती. चाळीस बायका एकत्र, एका वेळी आत गेल्या तर सभेचा रंग बदलतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. आपला ठराव आपणच वाचायचा. वाचणारी आधी ठरवा, घरी दोनदा वाचून घ्या. चिंचोक्यांच्या मोजणीचा कागद भिंतीवर लावा.

वाचून झालं की बसू नका. "प्रोसिडिंगमध्ये लिहा आणि लिहिलेलं वाचून दाखवा" म्हणा. हे मी हट्टाने सांगते. टाळ्या मिळाल्या, सरपंच हो म्हणाले, आणि वहीत ओळच नाही, असं आमच्या बाबतीत दोनदा घडलं. मागणी नाकारली तर का नाकारली तेही वहीत यायला हवं. त्याच आठवड्यात ठरावाच्या प्रतीसाठी अर्ज करा. मिळाली नाही तर माहिती अधिकारात, 10 रुपये फी भरून. दारिद्र्यरेषेखालच्या कार्डाला फी लागत नाही. उत्तराची मुदत 30 दिवस.

नंतर आराखडा ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर चढतो. मेरी पंचायत अॅपमध्ये गावाचं नाव टाकून कामांची यादी उघडता येते. गटातल्या शिकलेल्या मुलीला हे काम द्या आणि यादी नुसती तिच्या मोबाइलवर न ठेवता कागदावर उतरवून सगळ्यांना वाचून दाखवा. यादीत आपलं काम कोणत्या नावाने गेलं ते नीट बघा. आमची "भिलाटीजवळील फरशी" एकदा "गाव अंतर्गत रस्ता" होऊन गेली होती आणि काम भलत्याच गल्लीत निघालं असतं.

राहिलेल्या मागण्या टाकून देऊ नका. पुढच्या आखाजीला बैठक सुरू करताना मागच्या वर्षीचा ठराव क्रमांक आणि तारीख वाचायची, झालेल्या कामापुढे बरोबरची खूण, न झालेल्यापुढे कोणत्या टेबलावर अडलं ते. फरशी तिसऱ्या वर्षी झाली. मिनी अंगणवाडी अजून झालेली नाही, तिचा प्रस्ताव तालुक्याला आहे आणि मुलं पावसाळ्यात अजून घरीच बसतात. येत्या सभेला ती यादीत पहिली असेल.